कंबळ्याचं नाक

बाळीवेस, सोलापूर
श्रावण वद्य षष्ठी, शके १८५६

प्रिय नागू,

कार्डावर मी तुला "चि. सौ. नागव्वास अनेक आशीर्वाद" असं लिहितो आणि खाली तीच ती चार वाक्यं. इकडील सर्व क्षेम, पाऊसपाणी बरं, तिकडील कळवणे, व्याह्यांना आपला शरणार्थीचा नमस्कार सांगणे. तुझ्या सासरी ते कार्ड आधी पाच जण वाचतात आणि मग तुझ्या हातात येतं. त्यात काय कप्पाळ लिहायचं! हे पत्र टपालात टाकलेलं नाही. हे तू एकटीनं वाचायचंस, म्हणून घरच्या नावानं हाक मारली.

परवा बिरप्पा धनगर लोकर घेऊन दुकानी आला. मेंढरं तुमच्या दुधनीकडं चरायला नेली होती त्यानं. गाठोडं अजून पाठीवरून उतरलं नव्हतं तोच म्हणाला, "आप्पा, नागाक्का भेटली की तुमची. तिनं इचारलंय, कंबळ्याला अजून वास येतो का?" मी म्हटलं, आणखी काय? तर म्हणाला, "न्हाय, येवढंच." तीन पंचम्या झाल्या, तू माहेरचा उंबरा पाहिला नाहीस, आणि निरोप काय, तर कुत्र्याला वास येतो का! अव्वानं आतून ऐकलं. काटवटीतलं पीठ तसंच टाकून बाहेर आली. "आई जित्ती हाय का मेली ते न्हाई इचारलं, कुत्र्याचं नाक इचारलं!" असं म्हणाली आणि पीठभरल्या हातानंच डोळे पुसायला लागली. मी मोठ्यानं हसलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्यापुढं दुसरं काय करणार? पण नंतर घोंगड्या घड्या करता करता तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. तर म्हटलं, पोरीनं विचारलंय ना, मग उत्तर नीट द्यायचं. नाक पारखून, पुराव्यासकट.

आधी बाकीची खबर सांगतो. कंबळ्या आता म्हातारा झाला. डाव्या डोळ्यात सारा आला आहे, त्या बाजूचं दिसत नाही. मागचे पाय उठताना कुरकुरतात, माझे कुरकुरतात तसेच, म्हणून सकाळी आम्ही दोघं एकमेकांकडं बघत बघत उठतो. कान तर गेलेच. गिरणीचा भोंगा झाला की तो गल्लीच्या तोंडाशी जाऊन भोंग्याशी स्पर्धा लावायचा, आठवतं का? भोंगा थांबला तरी हा थांबायचा नाही, आणि तू टाळ्या पिटून ओरडायचीस, "जिंकला, जिंकला!" पहिल्या पाळीची माणसं डबे घेऊन जाताना हसायची. आता भोंगा होतो आणि हा दुकानाच्या पायरीवर घोरत असतो. गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत येतं. मीही कुणाला सांगत नाही की त्याला उठवा.

हाच प्राणी बिरप्पाच्या घोंगडीच्या खोळीतून आपल्या घरी आला. तू आठ वर्षांची होतीस. मेंढरांमागं धावायला हा कुचकामी, कोकरांबरोबर खेळत बसतो, म्हणून बिरप्पा वैतागला होता. तू घोंगडीत हात घातलास आणि तो बाहेर काढला. अव्वाच्या कानडीत घोंगडी म्हणजे कंबळी, म्हणून हा कंबळ्या. अव्वा म्हणाली होती, लिंगायताच्या घरात कुत्रं उंबऱ्याच्या आत येणार नाही. पंधरा दिवसांत तिच्याच चुलीमागं झोपायला लागला तो. पूजा झाली की मी कपाळाला भस्माची ईबत्ती लावायचो, तर तू त्याच्याही कपाळाला बोट ओढायचीस, आणि तो ती जिभेनं चाटता येते का बघत बसायचा.

तर नाकाची परीक्षा. पहिल्यांदा आपला वाट्यांचा खेळ लावला. तीन वाट्या पालथ्या, एकीखाली गुळाचा खडा. तुझ्या वेळी हा लबाड काय करायचा, ठाऊक आहे ना? हुंगायचाच नाही, धडाधड तिन्ही वाट्या उलथायचा आणि खडा उचलून पळायचा. मग तू नवा कायदा काढलास, चुकीची वाटी पाडली तर गूळ आप्पांना. दोन वेळा मी त्याच्यासमोर गूळ खाल्ला, तेव्हा कुठं गडी ताळ्यावर आला आणि नाक चालवायला लागला. शिकवलंस तू आणि गूळ खाऊन खाऊन दात किडले माझे. तर परवा दुपारी मी दुकानाच्या फळीवर वाट्या मांडल्या. शेजारचा नरसय्या माग थांबवून बघायला आला. म्हणाला, "घोंगड्यांचा धंदा बसला वाटतं, गारुड्याचा सुरू केला!" मी म्हटलं, गप बस आणि बघ. कंबळ्या उठला, एकेक वाटी हुंगली, तिसरीवर पंजा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. न पाडता, गं! इतक्या वर्षांनी कायदा ध्यानात होता त्याच्या.

कडक भाकरीचा खेळ मात्र आता होत नाही. तू भाकरीचा तुकडा वर उडवायचीस आणि तो झेलायचा, कट्ट असा आवाज यायचा. एकदा तर तू अव्वाची सणासाठी करून ठेवलेली अख्खी चळत संपवलीस आणि मला म्हणालीस, उंदरांनी खाल्ल्या. उंदरांच्या मिशांना तीळ लागले होते आणि ते शेपूट हलवत होते! विटीदांडूतही तो दोन्ही पक्षांकडून खेळायचा. विटी उडाली की धावत जाऊन आणायचा, पण द्यायचा नाही. मग तू विटी सोडून जुन्या धोतराची चिंधी दाखवायचीस, तो विटी टाकून चिंधी धरायचा, आणि मग तुमची रस्सीखेच. माझी धोतरं जुनी व्हायच्या आधीच जुनी ठरायला लागली होती. परवा मी तशीच चिंधी त्याच्यापुढं धरली. त्यानं दातांत धरली, जरा ओढल्यासारखं केलं आणि माझ्या हातावर हनुवटी टेकून उभा राहिला. मी पण मग ओढलं नाही.

तुला भाऊ नाही, याचं गल्लीतल्या बायकांना तुझ्यापेक्षा जास्त दुःख. नागचतुर्थीला साऱ्या पोरी भावाचा उपवास धरायच्या. चिमाबाई दारात येऊन म्हणाली, "नागव्वाला कसला उपास, तिला कुटं भाऊ हाय?" तू त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा तोंडात घेतलं नाहीस. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणालीस, "कंबळ्यासाठी धरलाय." अव्वा रागावली, देवाधर्माची चेष्टा करू नये म्हणाली. मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यावरच ओरडलो. दुसऱ्या दिवशी पंचमीला तू त्याला औक्षण केलंस, तंबिटाचा लाडू भरवलास आणि मांडीवर घेऊन झोक्यावर बसलीस. गल्लीतल्या पोरी बघून हसून हसून लोळल्या. झोका उंच गेला की तो कान मागं पाडून डोळे मिटायचा, पण उतरला नाही. त्यानंतर लग्न होईपर्यंत दर साली तू त्याच्यासाठी उपवास धरलास. चिमाबाईनं पुढं तोंड उघडलं नाही.

यंदाही मी लिंबाला झोका बांधला. अव्वानं लाह्या फोडल्या, तंबिट केलं. चुलत भाऊ तर भाऊ, म्हणून आपल्या शिवशरणला मुराळी करून तुला आणायला पाठवला. तो एकटाच परत आला. तुझे सासरे रुद्रप्पा त्याला म्हणाले म्हणे, "सख्खा भाऊ आला तर सून पाठवू. चुलत-मावस भावांबरोबर पाठवायची आमच्यात रीत नाही." गेल्या साली तुला ताप होता, त्याच्या आधल्या साली त्यांच्याकडं खळ्याची घाई होती, आणि यंदा ही रीत निघाली. श्रावणात कसली खळ्याची घाई, हे मला तेव्हाच विचारायचं होतं. जावईबापू चन्नप्पा तिथंच बसले होते आणि जमिनीकडं बघत होते, असं शिवशरण म्हणाला. अव्वानं ते तंबिट कुणाला दिलं नाही. डब्यात तसंच आहे. झोकाही मी सोडला नाही. पावसानं दोर भिजलाय, पण असू दे.

आता खरा खेळ. लपाछपीचा. तो तुझा आणि त्याचाच, आम्ही सगळे बघे. तू लपायचीस आणि मी त्याच्या नाकाशी तुझा परकर धरून म्हणायचो, "हुडुकु!" अव्वाच्या कानडीत हुडुकु म्हणजे शोध. मराठीत सांगितलं तर तो ढिम्म हलायचा नाही. घोंगड्यांच्या थप्पीत, ज्वारीच्या कणगीत, एकदा तर न्हाणीघरात चुलाण्यामागं, तोंडाला काजळी फासून! तो नाक जमिनीला लावून निघायचा आणि तुझ्या अंगावर पंजा ठेवायचा. भुंकायचा नाही. नुसता पंजा.

खेळायला लपणं वेगळं आणि रुसून लपणं वेगळं, हे त्याला आमच्याआधी कळलं. तू अकरा वर्षांची असताना एका दुपारी नाहीशी झालीस. अव्वानं सारी गल्ली धुंडाळली, मी तलावापर्यंत पळत जाऊन आलो. काठाकाठानं पाण्यात डोकावून बघितलं. शेवटी कंबळ्याला सोडला. तो सरळ नरसय्याच्या घरात शिरला आणि मागाच्या खड्ड्यात उतरला. विणकर पाय सोडून बसतो त्या खड्ड्यात, सुतांच्या खाली, तू गुडघ्यात मान घालून बसली होतीस. त्यानं पंजा ठेवला तरी तू वर येईनास. मी खड्ड्याशी उकिडवा बसलो. तेव्हा तू खालूनच तुझा कायदा सांगितलास, रडत रडत, पण एखाद्या पंचासारखा. कंबळ्यानं पंजा लावला की डाव संपला, मी बाहेर येणार. पण का लपले ते कुणी विचारायचं नाही. रागवायचं नाही. आधी मला जेवायला वाढायचं. मी म्हटलं, कबूल. घरी आलीस, दोन भाकरी खाल्ल्यास आणि कंबळ्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपलीस. अव्वा रात्रभर माझ्यामागं लागली होती, विचारा तरी काय झालं ते. मी विचारलं नाही. नागू, तू का लपलीस ते मला आजतागायत ठाऊक नाही. शब्द दिला होता ना.

तर शेवटची परीक्षा काल घेतली. तुझा जुना खणाचा परकर अव्वानं ट्रंकेत ठेवला आहे, लग्नानंतर धुतला नाही तिनं. तो त्याला हुंगायला दिला आणि तुझी चिंध्यांची बाहुली बिरप्पाबरोबर कुठंतरी लपवायला पाठवली. कुठं ते मलाही सांगायचं नाही असं ठरलं. मी म्हटलं, "हुडुकु." कान गेलेत, ऐकू काय येणार, पण माझे ओठ बघितले असतील त्यानं. बराच वेळ परकरात नाक घालून उभा राहिला. शेपूट हलायला लागलं. मग निघाला, लंगडत, मधे मधे बसत, मी मागं छत्री घेऊन. गल्ली ओलांडली, बाजार ओलांडला. भजीवाल्याच्या कढईपाशीसुद्धा थांबला नाही, म्हणजे बघ! तलावाच्या काठी धनगरांची पालं पडली आहेत, तिथं शेपन्नास मेंढरांच्या लेंड्यांच्या आणि लोकरीच्या वासातून वाट काढत तो तानाबाईच्या, बिरप्पाच्या बायकोच्या, गाठोड्यापाशी गेला आणि पंजा ठेवला. आत तुझी बाहुली होती. बिरप्पा म्हणाला, "आयला, हे तर लई बेस!" मी भर तलावाच्या काठी, चार लोकांदेखत, कुत्र्याच्या गळ्यात पडून रडलो. घरी आल्यावर अव्वाला सांगितलं. ती उठली आणि तुझी जुनी वाकळ उन्हात टाकली.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. परवा दुकान बंद केल्यावर मी बिरप्पाला बसवून घेतलं आणि खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, तू परसातल्या विहिरीवर होतीस, तुझ्या हातांवर कोपरापर्यंत डाग होते आणि तू ते पदराखाली घेतलेस. म्हणाला, सासूबाई दारात उभ्या होत्या, तू पोहऱ्याकडं बघत, हसत हसत ते विचारलंस आणि आत गेलीस. त्या बाईसमोर माझी पोर आणखी काय विचारणार होती? मला कळलं, नागू. जरा उशिरा कळलं, पण कळलं. तर हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: येतो. कंबळ्याला अजून वास येतो. हे पत्र तानाबाई घोंगडी दाखवायच्या निमित्तानं सोमवारी सकाळी परसदारी आणून देईल, तेव्हा मी गावाबाहेर बसवण्णाच्या देवळापाशी असेन. कंबळ्याला आगगाडीत गार्डाच्या डब्यातून आणतोय, त्याचंही तिकीट काढून. रुद्रप्पांना सख्खा भाऊ हवा ना, मग सख्खाच मुराळी आणतो. तुझे उपवास साऱ्या गल्लीनं बघितले आहेत. हसू देत दुधनीचे लोक, मीही हसेन त्यांच्याबरोबर, पण परत एकटा जाणार नाही. चार माणसं काय म्हणतील, व्याह्यांची अब्रू, आपली अब्रू, यातलं काही तू डोक्यात घेऊ नकोस, ते माझ्यावर सोड. माझा तापट स्वभाव आजवर फुकट गेला, एक दिवस तरी कामाला येऊ दे. तू असशील तिथंच थांब, परसात, चुलीपाशी, माजघरात, कुठंही. मी देवळापाशी त्याच्या नाकाशी तुझा परकर धरीन आणि म्हणेन, हुडुकु. त्याला जरा वेळ लागेल, मधे मधे बसतो तो, घाबरू नकोस. पण येईल. त्यानं पंजा लावला की डाव संपला. बाहेर यायचं. का, ते कुणी विचारणार नाही. अव्वानं जेवण वाढून ठेवलेलं असेल.

तुझाच, दिला शब्द अजून पाळणारा,
आप्पा